हाताने गोधडी शिवायला शिकताना : पहिल्या दुपट्यापासून सुरुवात

गोधडी शिवायला लागते काय? जुनी सुती कापडे, एक सुई, दोरा आणि एकच टाका : धावदोरा. हा टाका शाळकरी मूलही अर्ध्या तासात शिकते. तरीही अनेकांची पहिली गोधडी अर्धवट राहते किंवा पहिल्या धुण्यातच फुगे धरते. बहुतेक वेळा दोष टाक्यात नसतो. कापड निवडताना आणि थर अंथरताना जी घाई झालेली असते, ती नंतर शिवणीत दिसते. म्हणून या लेखात सुई हातात घेण्याआधीच्या कामांना शिवण्याइतकीच जागा दिली आहे.

## गोधडी म्हणजे नेमके काय?

जुन्या कापडांचे काही थर एकावर एक अंथरून ते सर्व थरांतून जाणाऱ्या टाक्यांनी एकत्र बांधले की गोधडी होते. काही भागांत तिला वाकळ म्हणतात. लहान बाळासाठीच्या छोट्या, पातळ गोधडीला दुपटे म्हणतात.

रजई किंवा दुलई वेगळी. तिच्यात पिंजलेला कापूस भरलेला असतो आणि तो एका जागी राहावा म्हणून टाके घालतात. गोधडीत कापूस नसतो. ऊब येते ती कापडाच्या थरांमध्ये अडकून राहिलेल्या हवेमुळे. म्हणूनच पाच पातळ थरांची गोधडी तेवढ्याच वजनाच्या एका जाड चादरीपेक्षा जास्त उबदार वाटते.

टाक्यांची दोन कामे असतात. एक, थर सरकू न देणे. दोन, झिजलेल्या कापडाला आधार देणे. एखाद्या जागी वरचे कापड विरले, तरी शेजारच्या ओळी त्याला खालच्या थरांशी धरून ठेवतात आणि भोक पसरत नाही. जुन्या गोधड्या वर्षानुवर्षे टिकतात त्या यामुळेच. नवरात्रात घट बसण्याआधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदीवर नेऊन धुण्याची पद्धत महाराष्ट्रातल्या अनेक गावांत आहे. पाणी पिऊन जड झालेली गोधडी पिळली, आपटली, उचलली जाते तेव्हा सगळा भार टाक्यांवर येतो. दिसायला साधा असलेला धावदोरा मजबूत असावा लागतो तो या दिवसासाठी.

## पहिली गोधडी किती मोठी असावी?

सुरुवात दुपट्याने करा. ९० सेंमी बाय ९० सेंमी, म्हणजे साधारण तीन फूट चौरस. याची तीन कारणे आहेत.

पहिले, एवढे काम मांडीवर मावते आणि मधल्या भागापर्यंत हात सहज पोचतो. दुसरे, कापड कमी लागते. साडेपाच मीटरच्या एका सुती साडीतून दुपट्याचे पाचही थर निघतात : ९६ सेंमीचा एक तुकडा अस्तरासाठी आणि ९० सेंमीचे चार तुकडे बाकीच्या थरांसाठी. एकूण ४ मीटर ५६ सेंमी. साडीचा पदर तरीही शिल्लक राहतो. तिसरे, काम संपताना दिसते.

हे तिसरे कारण महत्त्वाचे आहे. दोन सेंमी अंतरावर ओळी घेतल्या तर ९० सेंमीत साधारण ४५ ओळी बसतात. टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून एक सेंमी धरली, तर एका ओळीत ९० टाके आणि एकूण सुमारे चार हजार टाके होतात. एका ओळीला पंधरा मिनिटे लागली तरी नुसत्या ओळींचेच अकरा तासांहून जास्त काम आहे. रोज पाऊण तास बसलात तर दोन-अडीच आठवडे. हाच हिशेब पूर्ण पलंगाच्या गोधडीला लावला तर काही महिने जातात, आणि शिकणाऱ्याचा धीर तिथेच सुटतो.

## कापड : जुने हवे, जीर्ण नको

वापरून मऊ झालेले सुती कापड गोधडीला सर्वात चांगले. सुई त्यातून सहज जाते, ते अंगाला बोचत नाही आणि धुऊन-धुऊन जेवढे आटायचे तेवढे आधीच आटलेले असते. सुती साड्या, लुगडी, धोतरे, पंचे, जुन्या चादरी हे सगळे चालते. प्रत्येक कापड पुढील चार कसोट्यांवर तपासा.

उजेडाची कसोटी. कापड खिडकीसमोर धरा. जिथे ते जाळीसारखे विरळ दिसते तो भाग बाजूला काढा. साडी सगळीकडे सारखी झिजत नाही. टाचेजवळची खालची कड, निऱ्यांचा भाग, बसण्याची जागा आणि खांद्यावर पिन लावण्याची जागा आधी विरते.

ओढण्याची कसोटी. दोन्ही हातांनी चिमटीत धरून आधी उभे आणि मग आडवे ओढा. टर्रकन फाटले तर ते कापड संपले आहे. नुसते ताणले जाऊन परत जागेवर आले तर वापरा. थोडे अशक्त कापड मधल्या थरात चालते. वरचा थर आणि अस्तर मात्र दमदार हवेत.

रंगाची कसोटी. पांढरा ओला रुमाल कापडावर दाबून घासा. लाल, मरून, गडद निळा हे रंग बऱ्याचदा सुटतात. रुमालाला रंग लागला तर पाणी स्वच्छ येईपर्यंत कापड धुवा. तरीही रंग जात राहिला तर ते फिक्या कापडांसोबत घेऊ नका.

धाग्याची कसोटी. कापड सुती आहे की कृत्रिम, हे कळत नसेल तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरा आणि ताटलीवर जाळून पाहा. सुती धाग्याला कागद जळल्याचा वास येतो आणि राख पडते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. पहिल्या गोधडीत दोन्ही मिसळू नका. जॉर्जेट, नायलॉन, रेशीम ही कापडे हाताखालून निसटतात, आणि धुतल्यावर प्रत्येक कापड वेगळ्या प्रमाणात आटले की सुरकुत्या कायमच्या बसतात.

निवडलेली कापडे शिवण्याआधी गरम पाण्यात धुवा. साडीला खळ असेल तर ती पूर्ण जाऊ द्या. खळीच्या कापडातून सुई ओढताना बोटे लवकर दुखतात. फॉल, पिको, हुक, बटणे, जुन्या शिवणी उसवून टाका. मधल्या थरात राहिलेली एक जाड शिवण सुई वाकवायला पुरेशी असते. शेवटी इस्त्री करा.

## ज्या साडीत आठवण आहे, तिचे काय?

बरेच जण गोधडी शिकायला घेतात त्यामागे एक विशिष्ट गाठोडे असते : आजीची लुगडी, आईच्या रोज नेसायच्या साड्या, वडिलांचे धोतर. त्या माणसाच्या कपड्यांची ऊब पुढच्या पिढीला मिळावी ही भावना गोधडीइतकीच जुनी आहे. अडचण एवढीच की ही कापडे पुन्हा मिळत नाहीत आणि कात्री लावल्यावर माघार घेता येत नाही.

म्हणून ते गाठोडे दुसऱ्या गोधडीसाठी ठेवा. पहिली गोधडी जुन्या चादरीची किंवा कोणाच्याही न वापरातल्या साडीची करा. हात बसला की आठवणीची कापडे काढा आणि कापण्याआधी तीन गोष्टी करा. कापड पूर्ण उलगडून त्याचा फोटो घ्या. घरात आणखी कोणाला त्यातला तुकडा हवा आहे का ते विचारा. पदर आणि काठ यांचे काय करायचे ते आधी ठरवा. ओळखू येणारा भाग तोच असतो, आणि तो मधल्या थरात गेला तर पुन्हा दिसत नाही.

एखादे लुगडे इतके विरले असेल की वरच्या थरात टिकणार नाही, तर ते मधल्या थरात घालायला हरकत नाही. ते दिसणार नाही, पण गोधडीत असेल. दिसावेसे वाटत असेल तर त्यातला धड राहिलेला हातभर तुकडा वर ठिगळासारखा लावा.

## बाकीचे साहित्य

- सुई : साधारण साडेचार-पाच सेंमी लांब, टोकदार, दोरा सहज जाईल एवढ्या मोठ्या नाकाची. हातशिलाईच्या सुयांत क्रमांक जेवढा मोठा तेवढी सुई बारीक, हे घेताना लक्षात ठेवा. पोती शिवायचे दाभण नको. त्याने कापडाला भोके पडतात.
- दोरा : नेहमीच्या मशीनच्या दोऱ्यापेक्षा जाड सुती दोरा एकेरी घ्या. तो मिळाला नाही तर साधा सुती दोरा दुहेरी करा. दुपट्याला दुहेरी दोऱ्याने शिवायचे तर १५० मीटर हाताशी असू द्या.
- अंगुस्तान : सुई ढकलणाऱ्या मधल्या बोटात घालायची धातूची टोपी. पहिल्या दिवशी ती अडचणीची वाटते, पण ती घालायची सवय सुरुवातीलाच लावा. चार हजार टाके उघड्या बोटाने ढकलता येत नाहीत.
- आखण्यासाठी : शिंप्याचा खडू किंवा अंगाच्या साबणाची वाळलेली चिपटी. साबणाची खूण धुतली की जाते. बॉलपेन, स्केचपेन वापरू नका.
- इतर : धारदार कात्री, मोजपट्टी, मोजून घेतलेल्या सेफ्टी पिना आणि कोपऱ्यांवर ठेवायला चार वजनदार वस्तू.

सुया आणि पिना काम सुरू करताना मोजा, उठताना पुन्हा मोजा. गोधडीवर कोणीतरी झोपणार आहे.

## थर कसे अंथरावेत?

अर्धी गोधडी इथे ठरते. यासाठी एक तास राखून ठेवा.

१. चौकोन तपासा. तुकडे कापताना उभा-आडवा धागा सरळ ठेवा. तिरके म्हणजे उरेब कापलेले कापड ताणले जाते आणि त्याचा आकार राहत नाही. प्रत्येक तुकड्याचे दोन्ही कर्ण मोजा. ९० सेंमी चौकोनाचा कर्ण साधारण १२७ सेंमी येतो. दोन कर्णांत दोन सेंमीहून जास्त फरक असेल तर तुकडा तिरका आहे.

२. अस्तर आधी. स्वच्छ फरशीवर अस्तर उलटी बाजू वर करून पसरा. ते बाकीच्या थरांपेक्षा चारही बाजूंनी तीन सेंमी मोठे असते. कोपऱ्यांवर वजने ठेवा. कापड सपाट हवे, ताणलेले नको. ताणून बसवलेले अस्तर वजने काढताच आखडते आणि वरच्या थरांना सुरकुत्या पडतात.

३. मधले थर. एकेक थर टाका आणि तळहाताने मधून कडेकडे सारखा करा. एका थरात दोन तुकडे लागत असतील तर ते एकमेकांवर चढवू नका, कडेला कड लावा. सांधे वेगवेगळ्या जागी येऊ द्या. सगळे एकाच रेषेत आले तर गोधडी तिथेच दुमडते आणि तिथेच फाटते.

४. वरचा थर. सुलटी बाजू वर ठेवून पसरा. बाजूला उभे राहून पाहा. फुगवटा दिसला तर आत्ताच तो कडेकडे सरकवून काढा.

५. कच्चे टाके. आधी वीतभर अंतरावर सेफ्टी पिना लावा. मग पाच-सहा सेंमी लांबीचे कच्चे टाके मध्यापासून चारही कडांकडे आणि चारही कोपऱ्यांकडे घाला. त्यानंतर साधारण १५ सेंमी अंतराने उभ्या-आडव्या ओळी घाला. वेगळ्या रंगाचा दोरा घ्या, म्हणजे नंतर उसवायला सोपे जाते. कच्चे टाके झाले की पिना काढून मोजा.

सुरुवात नेहमी मध्यापासून का? कडेकडून आत आलात तर जास्तीचे कापड मधे गोळा होते आणि त्याला बाहेर पडायला जागा राहत नाही. मध्यापासून निघालात तर ते कडेला जाऊन पोचते, आणि तिथे ते कापून टाकता येते.

कच्चे टाके पूर्ण झाल्यावर दुपटे उचलून हलकेच झटका. थर एकत्र हलले तर काम पक्के झाले. आतला थर वेगळा लोंबला तर त्या भागात आणखी टाके घाला. झटकल्यावर सपाट न बसणारे दुपटे शिवून सपाट होत नाही.

## धावदोरा घालण्याची रीत

दोरा हातभर, म्हणजे साधारण ६० सेंमी घ्या. लांब दोरा घेतला की सुई कमी वेळा भरावी लागते हे खरे, पण तो पीळ धरतो, गुंततो आणि प्रत्येक टाक्याला कापडातून घासला जाऊन कमकुवत होतो. मधमाशीच्या मेणावरून एकदा ओढून घेतला तर दोरा कमी गुंततो.

गाठ लपवणे. दोऱ्याच्या टोकाला छोटी गाठ मारा. ओळ जिथे सुरू होणार त्याच्या दोन सेंमी अलीकडे वरच्या थरातून सुई आत घाला आणि सुरुवातीच्या बिंदूवर वर काढा. दोऱ्याला हलका झटका दिला की गाठ वरच्या थरातून आत शिरते आणि तिथेच राहते.

टाका. एक हात वर, एक हात गोधडीखाली. सुई जवळजवळ उभी धरून टोचा. खालच्या बोटाला टोक जाणवले की सुई सर्व थरांतून गेली. लगेच खालच्या बोटाने कापड किंचित वर उचला, सुई आडवी करा आणि टोक वर काढा. हीच हालचाल पुन्हा करा. सुईवर तीन-चार टाके जमले की अंगुस्तानाने ढकलून दोरा ओढा. सुरुवातीला एका वेळी दोनच टाके जमतील, तेवढे पुरेत.

लांबी. टाका अर्धा सेंमी आणि त्यापुढची जागा अर्धा सेंमी. याहून बारीक टाक्याचा हट्ट सुरुवातीला धरू नका. पाच थरांतून फार बारीक टाका घेताना सुई तिरकी जाते आणि खालचा थर सुटतो. टाके एकसारखे आले की गोधडी नीटस दिसते. बारीकपणा सवयीने आपोआप येतो.

ताण. दोरा कापडावर टेकेल एवढाच ओढा. ओळ पूर्ण झाली की तिच्यावरून तळहात फिरवा आणि लांबी मोजा. ९० सेंमीची ओळ दोन-तीन सेंमीहून जास्त आखडली असेल तर तुम्ही दोरा खेचत आहात.

उलटून पाहणे. प्रत्येक ओळीनंतर गोधडी उलटी करा. मागे टाके गायब असतील तर अस्तर पकडले गेलेले नाही. ते तेव्हाच उसवा. दहा ओळींनंतर कळले तर उसवण्याचा कंटाळा येतो आणि चूक तशीच राहते.

दोरा संपवणे. दहा-बारा सेंमी उरला की थांबा. शेवटच्या टाक्यावर दोन बारीक उलटे टाके घाला, सुई थरांमधून तीन-चार सेंमी आडवी नेऊन बाहेर काढा आणि दोरा कापडालगत कापा.

## ओळी कोणत्या दिशेने घ्याव्यात?

गोधड्यांमध्ये दोन पद्धती सर्रास दिसतात. एकीत ओळी एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत सरळ जातात. दुसरीत कडेला समांतर अशी चौकोनी फेरी सुरू होते आणि फेरीमागून फेरी आत येत गोधडी मध्यावर संपते. दुसरी पद्धत दिसायला देखणी, पण तिच्यात जास्तीचे कापड आत ढकलले जाते. सराईत हात ते प्रत्येक फेरीत थोडे थोडे जिरवतो. शिकणाऱ्याने सरळ ओळी घ्याव्यात.

पहिली ओळ बरोबर मध्यावर. पुढची तिच्या उजवीकडे, त्यापुढची डावीकडे, असे दोन्ही बाजूंना सरकत जा. आधी चार-चार बोटांच्या अंतराने मोठ्या ओळी घालून थर बांधून घ्या आणि मग त्यांच्यामधल्या ओळी भरा. रेघ सरळ हवी असेल तर दोन टोकांना पिन लावून त्यांच्यामध्ये दोरा ताणा आणि त्याच्या कडेने साबणाची खूण करा.

ओळी जेवढ्या जवळ, तेवढी गोधडी चपटी, घट्ट आणि टिकाऊ. जेवढ्या लांब, तेवढी ती मऊ आणि फुगीर. दुपट्यासाठी दोन सेंमी हा मधला मार्ग आहे. ओळींचे काम पूर्ण झाल्यावरच कच्चे टाके काढा.

## कडा आणि कोपरे

गोधडी सर्वात आधी कडेला झिजते, कारण अंगावर ओढताना हात तिथेच पडतो. सर्व थर कापून सारखे करा, पण अस्तराची बाहेर राहिलेली तीन सेंमी पट्टी कापू नका. ती आधी दीड सेंमी आत दुमडा, मग पुन्हा दुमडून वरच्या थरावर आणा आणि टाचून घ्या. कोपऱ्यावर अस्तराचे टोक आधी त्रिकोणासारखे आत दुमडा, म्हणजे दोन बाजूंच्या पट्ट्या एकमेकींवर चढून गाठोडे होत नाही.

इथे टाके ओळींपेक्षा जवळजवळ घाला आणि ते सर्व थरांतून जाऊ द्या. प्रत्येक कोपऱ्यावर दोन-तीन उलटे टाके घाला. वेळ असेल तर कडेपासून एक सेंमी आत आणखी एक ओळ फिरवा.

## काय बिघडते आणि का?

वरच्या थरावर चुण्या पडतात. अस्तर ताणून अंथरले होते किंवा दोरा खेचला जातो आहे. दोन-तीन ओळी उसवून सैल घाला.

मध्ये फुगा येतो. कच्चे टाके विरळ होते किंवा ओळी कडेकडून सुरू केल्या. फुगा लहान असेल तर त्यावर जवळजवळ ओळी घालून तो वाटून टाकता येतो.

सुई अडते, वाकते. थर जास्त आहेत, आत जुनी शिवण राहिली आहे किंवा खळ गेलेली नाही. पाचाहून अधिक थर पहिल्या वेळी घेऊ नका.

दोरा वारंवार तुटतो. दोरा जुना किंवा फार लांब आहे. रिळातला वीतभर दोरा ओढून पाहा. सहज तुटला तर रीळ बदला.

बोटे आणि मान दुखते. वीस मिनिटांनी उठा. उजेड बाजूने येऊ द्या. गोधडीचे वजन मांडीवर किंवा पाटावर टेकवा, हातावर पेलू नका.

## पहिले धुणे आणि निगा

पहिल्यांदा गोधडी एकटीच, थंड पाण्यात, सौम्य साबणाने धुवा. जोरात पिळू नका. दाबून पाणी काढा. ओली गोधडी एका दोरीवर टांगली तर सगळे वजन एकाच रेषेवर येते, म्हणून दोन समांतर दोऱ्यांवर आडवी पसरा. आतले थर पूर्ण वाळले पाहिजेत. वरून कोरडी लागणारी गोधडी घडी करून ठेवली की कुबट वास धरते, विशेषतः पावसाळ्यात.

धुतल्यावर कापड किंचित आटते आणि टाक्यांच्या मधे हलकी उठावदार नक्षी दिसू लागते. हा बिघाड नाही. गोधडीचे खरे रूप तेच.

पुढे कुठे विरली तर भोक मोठे होण्याची वाट पाहू नका. त्याहून दोन बोटे मोठे ठिगळ कडा दुमडून लावा आणि ठिगळावरूनही धावदोऱ्याच्या ओळी न्या. पूर्ण वरचा थर विरला तर जुनी गोधडीच मधला थर समजून तिला नवीन खोळ चढवून शिवतात. अशा गोधडीच्या पोटात आणखी एक गोधडी असते.

## दुपट्यानंतर पुढे

दुसरी गोधडी एका माणसाला पुरेल अशी करा. नऊवारी साडी साधारण सव्वाआठ मीटरची असते. ती चार पदरी दुमडली की सुमारे दोन मीटर लांब आणि साडीच्या पन्ह्याएवढी रुंद अशी चार थरांची गोधडी न कापता तयार होते. वरचा थर तुकड्यांचा करायचा असेल तर तुकडे आधी एकमेकांना जोडून अखंड कापड तयार करा. सैल तुकडे थेट थरांवर ठेवून शिवणे हे पुढच्या टप्प्याचे काम आहे.

ते काम पाहायचे असेल तर उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायकांच्या कवंदी पाहाव्यात. त्या कोपऱ्यापासून सुरुवात करून तुकडे लावत लावत आत येतात. कर्नाटकातली कौदी, बंगालमधली कंथा, बिहारची सुजनी, सिंध-कच्छकडची रल्ली ही सगळी आपल्या गोधडीची भावंडे. पाया एकच, जुन्या कापडाचे थर आणि धावदोरा. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या झिजलेल्या कपड्यांपासून शिवलेल्या गोधड्यांचे प्रदर्शन २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भरले. घरच्या गरजेपोटी शिवलेली ती पांघरुणे तेव्हापासून कलाकृती म्हणून पाहिली जाऊ लागली.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मशीनवर शिवली तर चालेल का? चालेल, आणि वेळही वाचेल. पण मशीनची टीप सलग असल्याने गोधडी कडक होते. हातटाक्यांमधल्या मोकळ्या जागांमुळे ती मऊ राहते आणि अंगाभोवती नीट बसते.

नवीन कापड वापरता येईल का? येईल. फक्त कापण्याआधी दोन-तीन वेळा धुवा, म्हणजे खळ जाईल आणि कापड आटेल.

बाळाला दुपटे पांघरून झोपवावे का? एक वर्षाखालच्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल पांघरुणे ठेवू नयेत, असा अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा सल्ला आहे. तोंडावर कापड येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो. मालिश करताना, खेळवताना, जागे बाळ नजरेसमोर असताना खाली अंथरायला दुपटे उत्तम.

माझे टाके वेडेवाकडे येतात. उसवू का? टाका सर्व थरांतून गेला असेल आणि कापड आखडले नसेल तर उसवू नका. पहिल्या आणि शेवटच्या ओळीतला फरक राहू द्या. हात कुठे बसला ते त्यावरून दिसते.